थव्यातली जागा

१

बेसिल परेराला माशांचं वेड कधीच नव्हतं. मासा म्हटला की त्याला ताट आठवायचं, आणि ताटात तळलेला बोंबील असला की जगात दुसरं काही आहे याचा विसर पडायचा. अशा माणसाच्या घरी जिवंत माशांची काचपेटी आली, ती निव्वळ फुकट मिळाली म्हणून.

तो अंधेरीच्या एका स्टुडिओत लाइटवाला होता. शेटजीच्या दिवाणखान्याचा सेट लागला, तेव्हा डायरेक्टरसाहेबांना हुक्की आली की कोपऱ्यात परदेशी मासे पाहिजेत. मग क्रॉफर्ड मार्केटातून लोखंडी पट्ट्यांत लुकणानं काचा बसवलेली पेटी आली आणि तिच्यात बोटाच्या पेराएवढे मासे. नाव निऑन टेट्रा. अंगावर डोळ्यापासून निघालेली निळी रेघ, शेपटीकडे लालभडक. सिनेमा काळापांढरा, म्हणजे ती निळाई नि लाली पडद्यावर दिसण्याची बात नव्हती. पण हौसेला मोल नसतं.

"ह्येंका कोण खातलो?" बेसिलचा जोडीदार धाकू म्हणाला. धाकू मालवणकडचा, मनात येईल ते तोंडावर बोलणारा. "आमटीत घातलंस तर आमटीकच लाज वाटतली."

शूटिंग आटोपलं आणि मॅनेजरनं पेटी गटारात रिकामी करायला सांगितली. बेसिल उचलायला वाकला. त्याबरोबर आतल्या सगळ्या माशांनी तोंडं वळवली. एकदम म्हणजे एकदम, कोणी पुढं नाही, कोणी मागं नाही. चर्चमध्ये मिस्साची घंटा वाजली की सगळी डोकी झुकतात ना, तसं. ते बघून बेसिलनं पेटीला लावलेले हात काढून घेतले. त्यानं हातगाडी मागवली.

२

मरोळच्या गावठाणात बेसिलचं कौलारू घर. घरात तो आणि त्याची धाकटी बहीण एमिलिया. आईबाप जाऊन बरीच वर्षं झाली होती. एमिलियाचं एकदा ठरलं होतं आणि मोडलं होतं. त्या मुलानं साखरपुडा झाल्यावर दुसरीशीच संसार मांडला. तेव्हापासून ती शिवणयंत्रापाशी बसून गावातल्या पोरींच्या लग्नाचे झगे शिवायची आणि स्वतःच्या लग्नाचा विषय निघाला की मशीन जोरात चालवायची. आता कुर्ल्याचा फ्रेडी तिला मागणी घालून गेला होता. नाताळ उलटल्यावर लग्न होतं. बेसिलला वाटे, हे एक पार पडलं की आपण मरायला मोकळे.

बाहेरच्या खोलीत, एका लांब लाकडी बाकावर त्यानं पेटी मांडली. नळाच्या पाण्याला जंतू मारायच्या औषधाचा वास यायचा. त्या पाण्यानं मासे उलटे होऊ लागले. गावच्या वापरातल्या विहिरीत मलेरियावाले तेल ओतायचे. उरली उंबराखालची विहीर.

ही विहीर गावाच्या टोकाला होती आणि तिचं पाणी रोजच्या वापराला कोणी काढत नसे. लग्न निघालं की आदल्या संध्याकाळी बायका वाजतगाजत तिथं जायच्या, विहिरीला विडा नि माडीचा घोट द्यायच्या, पाणी मागायच्या आणि मगच कळशी सोडायच्या. त्या पाण्यानं नवरीला न्हाऊ घालायचं. त्याला उंबराचं पाणी म्हणतात. एरवी विहिरीवर फळ्यांचं झाकण असायचं.

बेसिलनं विचार केला, पाणी ते पाणी. इकडं जीव तडफडतायत आणि तिकडं चांगलं पाणी नुसतं पडून आहे. कामावरून येताना त्यानं एक फळी सरकवली आणि बादली सोडली. मागण्याबिगण्याचा प्रश्नच नव्हता. मागायचं कुणाला? पाणी गार होतं, पडलेल्या पानांनी चहासारखं तपकिरी झालं होतं. ते पेटीत गेलं आणि माशांच्या अंगात जणू कोणी दिवे लावले.

मग तो नेमच झाला. रविवारी मिस्साहून आलं, की रबरी नळीनं जुनं पाणी काढायचं आणि बादलीभर विहिरीचं घालायचं. रोज सकाळी सुक्या जवळ्याची पूड चिमटीनं सोडायची. मासे वर यायचे, वळायचे, खाली जायचे, जसं एकच अंग असावं. चहा निवून जायचा तरी बेसिल तिथून हलायचा नाही.

"दादा, आता लगीन कुणाचं हाय, माझं का या माशांचं?" एमिलिया विचारायची आणि हसायची. ती हसायला लागली होती हीच मोठी गोष्ट होती.

३

थव्यात एक जागा मोकळी होती.

हे लक्षात यायलाच बेसिलला वेळ लागला. मासे दाटीवाटीनं पोहायचे, पण मधोमध करंगळीएवढी एक फट राहायची. थवा डावीकडे वळला की फट डावीकडे. थवा थांबला की तीही थांबायची. मासे तिच्या कडेनं वळत, तिच्यातून कोणी जात नसे. जवळ्याची पूड तिच्यावरून खाली यायची ती सरळ न पडता, कशाच्या तरी अंगावरून घसरल्यासारखी बाजूनं पडायची.

बेसिलचा जन्म उजेड नि सावली यांच्यात गेलेला. कुठली सावली खरी आणि कुठली दिव्याच्या चुकीची, हे तो सेटवर पाऊल टाकताच सांगायचा. त्यानं खिडकीला गोणपाट लावलं. कंदील उजवीकडून धरला, डावीकडून धरला, पेटीच्या मागं नेला. काचेत पोकळी असेल म्हणून काचेवरून ओलं बोट फिरवलं. पाण्यात गारगरम पट्टे असतील म्हणून कोपरापर्यंत हात बुडवला.

हात बुडवल्यावर मासे बिथरून कोपऱ्यात जायला हवे होते. ते हलले नाहीत. बेसिलच्या बोटांपासून वीतभर अंतरावर ती फट होती, आणि तिच्याभोवती मासे वाट बघत उभे होते. त्याला एकाएकी वाटलं, आपण कुणाच्या तरी बिछान्यात हात घातलाय. त्यानं हात झटकन बाहेर काढला आणि किती तरी वेळ सदऱ्याला पुसत राहिला.

४

प्रत्येक रविवारी विहिरीचं पाणी पडायचं आणि प्रत्येक रविवारनंतर ती जागा थोडी मोठी व्हायची. करंगळीची मूठ झाली, मुठीची ओंजळ झाली. मासे तेवढेच आणि पेटी तेवढीच, म्हणून थवा आता काचेच्या कडेकडेनं फिरू लागला होता.

भ्यायला पाहिजे होतं. बेसिल भ्यायलाही होता, खोटं कशाला बोला. पण भीतीपेक्षा मोठं दुसरंच काहीतरी त्याला बाकापाशी धरून ठेवायचं. लहानपणी आईनं पहिल्यांदा त्याला समुद्रापाशी नेलं होतं, तेव्हा त्यानं तिचा झगा घट्ट पकडला होता आणि तरी डोळे मिटले नव्हते. आताही ते तसंच होतं.

एका संध्याकाळी धाकू आला. त्यानं पेटीत वाकून पाहिलं आणि दोन पावलं मागं सरला.

"कित्याक बाजूक जातत रे ते?" तो म्हणाला.

"तुला पण दिसतंय ना?"

"माका काय दिसाक नाय," धाकू घाईनं म्हणाला. "दिसाक नाय ह्याच तर दिसता."

तो चहा न घेताच उठला. दारातून बाहेर पडताना मात्र तो थबकला, अंग आक्रसून भिंतीला लागला, आतून मागाहून कोणी येत असल्यासारखी त्यानं वाट दिली आणि मग बाहेर पडला.

"कुणाला वाट दिलीस?" बेसिलनं विचारलं.

"कोणाक?" धाकू खरोखर चकित झाला होता. "मी खंय वाट दिलंय?"

५

नाताळ जवळ आला. गावठाणात आमंत्रण म्हणजे नवरीच्या भावानं घरोघर जायचं, उंबऱ्यात उभं राहायचं आणि मानानं बोलवायचं. बेसिल रोज कामावरून आला की बाहेर पडायचा. "आमच्या एमिलियाचं लगीन हाय. तुमी आलं पायजे. तुमची जागा राखून ठेवतो." इतक्या दारांत त्यानं हे म्हटलं, की झोपेतही त्याच्या तोंडून तेच निघायचं.

आणि अशात पर्पेच्युआ काकी आली. उंबराच्या पाण्याचा सगळा मान या म्हातारीकडे. गावातल्या प्रत्येक नवरीच्या डोक्यावर पहिली कळशी तिच्या हातची. ती विहीर साफ करून घ्यायला म्हणून गेली होती. आता ती येऊन ओट्यावर टेकली.

"बेसिल बाबू, हिरीत पाणी नाय."

"काय बोलतेस काकी? पाऊस संपून दिवस किती झाले?"

"तेच तर. मे म्हैन्यात पण ती कवा आटली नाय. आता तळाचे दगड दिसतात." काकीनं आतल्या शिवणयंत्राकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "फ्रेडीच्या आत्यांना कळलं तर त्या काय म्हणतील ठावं हाय? हिरीनं पोरीला पाणी दिलं नाय, म्हणतील. मी पोर होते तवा असंच एकदा झालं व्हतं. वरात मांडवातून परत गेली."

आत मशीन थांबलं होतं. एमिलिया दारात आली. तिच्या हातात तिचाच अर्धा शिवलेला पांढरा झगा होता.

"दादा," ती म्हणाली, "ह्या टायमाला मोडलं ना, तर मी हा झगा उसवून दुसऱ्या पोरीला देईन. मंग माझ्याजवळ लग्नाचं नाव काढायचं नाय."

ती रडली नाही. रडली असती तर बेसिलला बरं वाटलं असतं.

६

आठवड्याला एक बादली. बादलीनं विहीर आटते होय? बेसिल रात्रभर हेच स्वतःला सांगत राहिला. जमिनीत कुठं तरी भेग पडली असेल, कोणी जवळपास नवी विहीर खणली असेल. सगळी कारणं अगदी पटण्यासारखी होती, आणि एकही पटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं कामावर दांडी मारली. भर दुपार. गावठाण जेवून आडवं झालेलं, एमिलिया काकीकडे गेलेली. बेसिल बाकासमोर उकिडवा बसला.

थवा नव्हताच आता. मासे चारही काचांना चिकटले होते, निळ्या रेघा ओळीनं लागलेल्या, आणि मधलं सगळं तपकिरी पाणी मोकळं होतं. मग काचेला लागलेल्या त्या रेघा एका टोकापासून हलू लागल्या. आधी या कडेचे मासे दबले, मग त्यांच्या पुढचे, मग त्यांच्या पुढचे. आतून काहीतरी घसटत जात होतं आणि मासे त्याला वाट देत होते. बेसिल डोळ्यांनी त्याच्या मागं गेला. ते पेटीच्या दुसऱ्या टोकाला पोचलं, आणि तरीही अजून येतच होतं. हातभर रुंद पेटी, आणि त्याची कूस सरता सरत नव्हती. उन्हाची तिरीप कौलातून सरकून भिंतीवर गेली तरी ते जातच होतं.

बेसिलच्या ध्यानात आलं, की आपले हात जोडलेले आहेत. कधी जोडले ते त्याला कळलंच नव्हतं.

त्यानं कुणाची तरी वस्तू न मागता आणली होती. बादली बादलीनं, घरी, जवळ्याची पूड खायला घालत. आता परत नेऊन पोचवायची, एवढंच त्याला उमजत होतं.

७

मासे तरी ठेवून घ्यावेत असं त्याला फार वाटलं. त्यानं ते जाळीनं हळूच उचलून नळाच्या पाण्याच्या हंडीत सोडले. हंडीतही ते कडेकडेनं गोल उभे राहिले आणि मधली जागा मोकळी ठेवून त्याच्याकडे बघू लागले. बेसिलचे डोळे भरून आले. त्यानं हंडीही उचलली.

पेटीतलं पाणी बादल्यांनी नेता नेता त्याचा जीव मेटाकुटीला आला. वाटेत एक कुत्रं झोपलं होतं. बेसिल जवळ येण्याआधीच ते उठलं आणि वाटेच्या कडेला जाऊन बसलं, तो पुढे गेला तरी उठलं नाही. पुष्कळ वेळानं, कोणी मोठी मिरवणूक जाऊन संपावी तसं, ते पुन्हा वाटेवर येऊन आडवं झालं.

विहिरीवरच्या फळ्या त्यानं सगळ्या काढल्या. तळाला खरंच ओले दगड दिसत होते. त्यानं बादल्या ओतल्या, शेवटी हंडी ओतली आणि काठावर पालथा पडून खाली पाहिलं.

निळे ठिपके खाली गेले. दगडांपाशी ते थांबायला हवे होते. ते थांबले नाहीत. खाली, आणखी खाली, दगड होते त्याच्याही खाली ते जात राहिले, आणि जाताना एकमेकांपासून दूर दूर सरत गेले, विहिरीच्या भिंती जणू आडव्या येतच नव्हत्या. आणि मग सगळे एकदम बाजूला झाले.

बेसिलनं पुढं काय पाहिलं ते त्यानं पुढं कधी कुणाला सांगितलं नाही. काठाचा दगड गालाला गार लागत होता एवढं त्याला आठवायचं. तो रडत होता, आणि ते रडणं दुःखाचं नव्हतं. एवढं मोठं काही असतं, आणि ते आपल्या घरी बाकावर येऊन राहिलं होतं, याचंच त्याला रडू येत होतं.

आता मागायला हवं होतं. पण मागायचे शब्द बायकांचे. पाणी मागताना पुरुष जवळ कधी उभे राहत नसत. बेसिलला ते कुठून ठाऊक असणार?

"चुकलो," तो म्हणाला. "माझ्या बहिणीला पाणी द्या." एवढ्यावर थांबला असता तर ठीक होतं. पण गेले किती दिवस जिभेला जे वळण पडलं होतं, तेच पुढं आपोआप निघालं. "आमच्या एमिलियाचं लगीन हाय. तुमी आलं पायजे. तुमची जागा राखून ठेवतो."

खाली पाणी वाजलं. संध्याकाळपर्यंत विहीर काठोकाठ भरली होती.

८

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मांडव गच्च भरला होता. फ्रेडीच्या आत्या पुढच्या खुर्च्यांवर, त्यांच्याही तोंडावर हसू होतं. काचपेटी कोपऱ्यात उलटी पडली होती आणि तिच्याखालचा लांब बाक मांडवात आणून, पुसून, त्यावर एमिलियाला न्हायला बसवलं होतं. धाकू बायकोला घेऊन आला होता आणि सगळ्यांना पानं वाटत होता.

"येली गं, येली!" कोणीतरी ओरडलं.

विहिरीकडून बँडचा आवाज वाढत आला. गॅसबत्त्या आल्या, त्यांच्यामागं लाल लुगड्यांतल्या बायका, डोक्यावर भरलेल्या कळश्या, सगळ्यांत पुढं पर्पेच्युआ काकी. त्या गात होत्या आणि नाचत होत्या, या बाजूला चार पावलं, त्या बाजूला चार पावलं. बेसिल मांडवाच्या खांबाला टेकून बघत होता. त्याचं ऊर भरून आलं. आईला बघायला मिळायला हवं होतं हे, असं त्याच्या मनात आलं.

मग वरातीनं कोपऱ्यावर वळण घेतलं. सगळ्या बायका एकदम वळल्या. एकदम म्हणजे एकदम, कोणी पुढं नाही, कोणी मागं नाही.

आणि मधोमध जागा मोकळी होती.

वाट अरुंद होती. बायका कुंपणाला घासत होत्या, एकीचा पदर करवंदीच्या काट्यांना अडकून फाटलासुद्धा, पण मधे कोणी पाऊल टाकत नव्हती. त्या हसत होत्या, गात होत्या, एकमेकींकडे बघत होत्या, आणि कुणालाच काही ठाऊक नव्हतं. काकी नाचता नाचता मागं वळली आणि कुणाला तरी पुढं घालावं तशी अदबीनं बाजूला झाली.

वरात मांडवाशी आली. बँडवाले फाकले. फ्रेडीच्या आत्यांनी बोलता बोलता खुर्च्या मागं ओढल्या. धाकू पानांचं तबक छातीशी धरून खांबाला चिकटला. बेसिलला ओरडायचं होतं. एमिलिया, ऊठ, घरात जा, असं त्याला ओरडायचं होतं. पण त्याचे पाय आपले आपणच हलले आणि तोही बाजूला झाला. मग पूर्ण मांडव मधून उघडा झाला, दारापासून थेट बाकापर्यंत, आणि बत्त्यांच्या उजेडात त्या वाटेवरची माती ओली होत होत पुढं गेली.

पर्पेच्युआ काकीनं पहिली कळशी एमिलियाच्या डोक्यावर धरली. तपकिरी पाणी तिच्या केसांवरून, गालांवरून खाली आलं. एमिलियानं डोळे मिटले होते. इतकी वर्षं कुणी तिच्या चेहऱ्यावर पाहिला नव्हता असा आनंद तिथं होता.

तिनं डोळे उघडले नाहीत, मानही वळवली नाही. ओल्या लुगड्याचा घोळ हातानं आवरून ती बाकावर थोडी सरकली आणि शेजारी जागा करून दिली.